भिंतीवरची टाइल परत परत सुटतेय? पुन्हा चिकटवायच्या आधी तिची पाठ बघा

टीव्हीच्या मागची भिंत, बेडच्या डोक्याकडची भिंत, बेसिनच्या मागचा पट्टा, अशा ठिकाणी हल्ली हौसेने मोठ्या टाइल्स, थ्रीडी टाइल्स, दगडी क्लॅडिंग (भिंतीवर चिकटवायचे दगडी तुकडे) लावतात आणि दिसतंही खरंच सुंदर, अख्ख्या खोलीचा नूर बदलतो. पण काही महिन्यांनी ग्राउटमधे, म्हणजे टाइल्सच्या मधल्या फटीत भरतात त्यात, बारीक चीर दिसते, कोपऱ्यावर बोटाने वाजवलं की पोकळ आवाज येतो आणि एक दिवस टाइल हातात येते. मिस्त्रीला बोलावलं की तो मागे माल, म्हणजे टाइल चिकटवायचं मिश्रण, भरून टाइल परत दाबून देतो, ग्राउट फासतो, आणि थोड्या महिन्यांनी तीच नाहीतर तिच्या शेजारची सुटते. हा फेरा बऱ्याच घरांमधे चालू असतो आणि दर वेळी दोष टाइलला दिला जातो, नाहीतर मिस्त्रीला, नाहीतर केमिकलला. पण नक्की कुठे सुटलं हे कोणी बघतच नाही, म्हणून सांगतोय, सुटलेली टाइल लगेच चिकटवू नका, आधी ती उलटी करा आणि उजेडात धरा.

पाठीवर काय दिसतंय त्यावरून सगळं कळतं.

पाठ कोरी, माल सगळा भिंतीवर राहिलाय, म्हणजे मालाने टाइलला धरलंच नाही. पाठीवर माल व्यवस्थित चिकटलेला आणि भिंत कोरी, म्हणजे मालाने भिंतीला धरलं नाही. पाठीवर माल आहे आणि त्या मालावर पुट्टीचा, रंगाचा किंवा प्लास्टरचा पापुद्रा आलाय, म्हणजे टाइलचं काम चांगलं झालेलं, भिंतच वरच्या थरात कच्ची निघाली. आणि माल मधोमध तुटून अर्धा इकडे अर्धा तिकडे असेल तर माल पातळ कालवलेला होता नाहीतर भिंत इतकी हलली की चांगला मालही फाटला. या चारही केसमधे उपाय वेगळा आहे, आणि मागे नुसता माल भरणं हा यातल्या एकाचाही उपाय नाही.

पाठ कोरी निघाली तर

सगळ्यात जास्त दिसणारी केस हीच. विट्रिफाइड किंवा पोर्सेलिन टाइल असेल तर आधी हे समजून घ्या की ती पाणी पितच नाही, तिचं पाणी शोषण ०.५ टक्के किंवा त्याहून कमी असतं, आणि साधी सिरॅमिक वॉल टाइल १० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिते. जुन्या पद्धतीत टाइल्स पाण्यात भिजवून सिमेंटच्या घट्ट रबडीने लावायचे, सिरॅमिकला ते चालून जायचं कारण सिमेंटचं पाणी तिच्या छिद्रांत शिरून तिथेच घट्ट व्हायचं. पोर्सेलिनला छिद्रंच नाहीत मग सिमेंट पकडणार कशाला? तिथे पॉलिमरवालं अ‍ॅडहेसिव्हच लागतं, म्हणजे टाइल चिकटवायचं ते पिशवीतलं तयार केमिकल. पिशवीवर वर्ग छापलेला असतो, सी-१ म्हणजे पकड कमीत कमी ०.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, सी-२ म्हणजे कमीत कमी १, पुढे टी असेल तर टाइल भिंतीवरून घसरत नाही, ई असेल तर माल पसरल्यावर काम करायला जास्त वेळ मिळतो, आणि एस-१ असेल तर सेट झालेला माल थोडा लवचिक राहतो. मोठ्या पोर्सेलिनला भिंतीवर सी-२ टी ई च्या खाली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अ‍ॅडहेसिव्ह वापरताना टाइल भिजवायची नाही, सवयीने भिजवतात आणि पाठीवर जे पाणी राहतं तेच पकड बिघडवतं.

आता पाठ जवळून बघा. बऱ्याच टाइल्सच्या पाठीवर पांढरी बारीक पावडर असते, भट्टीत रोलरला चिकटू नये म्हणून फॅक्टरीतच तो थर दिलेला असतो. बोट फिरवलं की बोट पांढरं होतं. अ‍ॅडहेसिव्ह त्या पावडरला घट्ट धरतं आणि पावडर टाइलला धरत नाही, झालं! ओल्या स्पंजने पाठ पुसायची, सुकू द्यायची आणि मग लावायची, एवढंच काम आहे पण घाईत हमखास राहून जातं. लावायच्या आधी पाठीवर अ‍ॅडहेसिव्हचा एक पातळ हात घासून भरला तर अजूनच चांगलं, मोठ्या टाइलला तर तो हवाच.

भिंतीवर राहिलेला मालही बघा. त्यावर खाचेदार थापीच्या उभ्या-आडव्या रेघा जशाच्या तशा शाबूत दिसतायत आणि वरून गुळगुळीत साय धरल्यासारखं वाटतंय, तर माल पसरून टाइल लावेपर्यंत खूप वेळ गेला होता. साध्या अ‍ॅडहेसिव्हला पसरल्यापासून साधारण २० मिनिटं मिळतात आणि ई वाल्याला ३०, तीसुद्धा लॅबमधल्या २३ डिग्रीच्या हवेत. पंखा चालू असेल, उन्हाचा झोत भिंतीवर येत असेल, भिंत कोरडी ठाक असेल तर ही वेळ खूपच कमी होते. टेस्ट सोपी आहे, पसरलेल्या मालाला बोट लावायचं, माल बोटाला लागला तर टाइल लावा, नाही लागला तर खरवडून फेकून द्या, वर पाणी शिंपडून परत मऊ करायला जाऊ नका. बादलीतला आवळत आलेला मालही परत पाणी घालून कालवू नये, एकदा सेट व्हायला लागलं की त्याची ताकद परत येत नाही.

गोळे लावून टाइल बसवणे

यावर जरा जास्त बोलतो कारण डिझाइनच्या भिंतींवर सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. भिंत वाकडी असते, टाइल मोठी असते, मग चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे पाच गोळे लावून टाइल दाबायची, ओळंबा पटकन जुळतो, काम पटापट होतं आणि त्या दिवशी भिंत एकदम सरळ दिसते. हिशोब करून बघा. ६० बाय ६० ची टाइल म्हणजे ३६०० चौरस सेंटिमीटर. एक गोळा दाबल्यावर १५ सेंटिमीटर व्यासाचा झाला असं धरलं तर त्याचं क्षेत्रफळ साधारण १७७, पाचांचं मिळून ८८५ च्या आसपास, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. टाइल कामाच्या अमेरिकन मानकात कोरड्या जागी कमीत कमी ८० टक्के आणि ओल्या जागी ९५ टक्के पाठ मालाने भरलेली हवी असं सांगितलंय. कुठे ८० आणि कुठे २५!

आणि नुसतं पडण्याचंच नाही. कडा पोकळ राहिल्या की एखादी वस्तू आपटली तरी टाइल फुटते, ड्रिल मारलं की चीर जाते, आणि बेसिनच्या किंवा शॉवरच्या भिंतीत त्या पोकळ जागेत पाणी साठून राहतं, मग ग्राउट काळं पडतं, वास येतो आणि कितीही घासलं तरी जात नाही कारण ओल मागून येतेय.

बरोबर पद्धत अशी की भिंत आधी प्लास्टरने सरळ करून घ्यायची, मग खाचेदार थापीने माल एकाच दिशेने सरळ रेघांत ओढायचा, गोल गोल फिरवायचा नाही, टाइल ठेवल्यावर रेघांना आडवी थोडी पुढे-मागे सरकवत दाबायची म्हणजे रेघा मोडतात, मधली हवा बाहेर जाते आणि माल सपाट पसरतो. पहिल्या दोन-तीन टाइल्स लावल्या की लगेच एक उचकटून पाठ बघायची. मिस्त्रीला राग येतो कधी कधी, पण शांतपणे सांगायचं की बघूया भरतेय का. पाठीवर कोरे पट्टे दिसले तर मोठ्या खाचेची थापी घ्यायची, ६ मिलिमीटरवरून १० वर, मोठ्या टाइलला १२ वर सुद्धा. ही एक तपासणी त्या दिवशी केली तर पुढची बरीच डोकेदुखी वाचते, खरंच सांगतो.

पापुद्रा निघाला तर टाइल निर्दोष आहे

टाइलच्या पाठीवर रंग किंवा पुट्टी चिकटून आली असेल तर महागडं अ‍ॅडहेसिव्ह आणून काही उपयोग नाही, अ‍ॅडहेसिव्ह रंगाला घट्ट धरेल आणि रंग भिंतीला सोडेल. रंगवलेल्या हॉलमधे एका भिंतीला टाइल लावायची ठरते तेव्हा हे हमखास होतं. रंग आणि पुट्टी पूर्ण खरवडून खालच्या प्लास्टरपर्यंत जायचं, गुळगुळीत काँक्रीट असेल तर टाचे मारायचे, धूळ ब्रशने काढायची. भिंत तयार झाली की तिच्यावर थोडं पाणी शिंपडा, पाणी हळूहळू शोषलं गेलं तर ठीक, थेंब तसेच ओघळले तर वर अजून रंग, तेल किंवा केमिकलचा थर आहे. आणि गटागट पिऊन टाकलं तर प्राइमर मारावा लागेल, नाहीतर भिंत मालातलं पाणी ओढून घेते आणि माल भुसभुशीत राहतो. प्लास्टरवर खिळ्याने रेघ मारून बघा, वाळू सुटून पडत असेल तर ते प्लास्टरच काढावं लागेल, वाईट वाटतं पण दुसरा मार्ग नाही.

जिप्सम प्लास्टर किंवा पीओपी असेल तर दोन गोष्टी. एक, जिप्सममधलं सल्फेट आणि अ‍ॅडहेसिव्हमधलं सिमेंट यांची ओलाव्यात रिअ‍ॅक्शन होते, मधे एट्रिंगाइट नावाचे क्रिस्टल वाढतात आणि टाइल मागून ढकलली जाते, म्हणून मधे प्राइमर पाहिजेच, नाहीतर जिप्समला चालणारं अ‍ॅडहेसिव्ह घ्या. दुसरी गोष्ट वजन. ब्रिटिश मार्गदर्शक नियमांत जिप्सम प्लास्टरवर माल आणि ग्राउट धरून २० किलो प्रति चौरस मीटर आणि जिप्सम बोर्डवर ३२ किलो अशी मर्यादा दिली आहे. ९ मिलिमीटर जाडीची पोर्सेलिन एकटीच २० च्या आसपास भरते, वर अ‍ॅडहेसिव्हचं वजन वेगळं, म्हणजे जिप्सम प्लास्टरवर ती बसतच नाही. दगडी क्लॅडिंग तर सोडूनच द्या. तिथे सिमेंट प्लास्टर किंवा सिमेंट बोर्ड करून घ्या, नाहीतर डिझाइनसाठी हलकी, पातळ टाइल निवडा.

टीव्ही युनिटच्या प्लायवर थेट टाइल लावलेली असेल आणि ती सुटत असेल तर प्लाय फुगतं-आकसतं हे कारण जवळपास नक्की, तिथेही मधे सिमेंट बोर्ड स्क्रूने बसवून मग लवचिक अ‍ॅडहेसिव्ह. आणि काही संगमरवरी स्लॅब किंवा क्लॅडिंगच्या पाठीला फुटू नये म्हणून जाळी आणि रेझिनचा थर दिलेला असतो, सिमेंटवालं अ‍ॅडहेसिव्ह त्या थराला नीट धरत नाही, तिथे इपॉक्सी प्रकारातलं वापरावं लागतं. पांढऱ्या दगडाला तर माल पण पांढराच, ग्रे मालाची छटा वर दिसते.

एकाच जागी, एकाच रेषेत सुटतंय

टाइल्स इकडेतिकडे न सुटता एका उभ्या किंवा आडव्या रेषेत सुटत असतील, किंवा दोन टाइल्स एकमेकींवर रेलून तंबूसारख्या वर आल्या असतील तर हलणारी भिंत शोधा. काँक्रीटचा कॉलम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे प्लास्टरला उभी चीर जातेच, त्या चिरेवर अख्खी टाइल बसवली की ती एका बाजूने सुटते. नवीन प्लास्टर सुकताना आकसतं, टाइल आकसत नाही. खिडकीतून कडक ऊन येणारी भिंत किंवा शेगडीच्या मागची भिंत तापते, फुगते, परत थंड होते. या सगळ्याला जागा कुठून मिळणार? कोपऱ्यातून. आणि कोपरा आपण कडक ग्राउटने बंद केलेला असतो.

म्हणून आतले कोपरे, छताजवळची कड, ओट्याला किंवा फरशीला टेकणारी कड, लाकडी चौकटीची कड, इथे ग्राउट नको, ग्राउटच्या रंगाचं सिलिकॉन भरा. कोपऱ्यातलं ग्राउट वारंवार तडकतंय आणि तुम्ही वारंवार भरताय तर त्याचं कारण एवढंच आहे. जुनं ग्राउट कोरून पूर्ण काढा, कोरडं करा, सिलिकॉन भरा. ग्राउटच्या वरूनच सिलिकॉनचा पट्टा मारला तर तो सोलून निघतो. टाइल्समधे बिलकुल फट न ठेवता बसवण्याची जी फॅशन आहे ती मला अजिबात पटत नाही, दिसायला अखंड वाटतं पण निदान २ मिलिमीटरचा जॉइंट ठेवाच, टाइलच्याच रंगाचं ग्राउट घेतलं तर तो डोळ्यात येत नाही.

कोणती काढायची, कोणती राहू द्यायची

एक सुटली की सगळी भिंत वाजवून बघा, लाकडी दांड्याने किंवा नाण्याने, प्रत्येक टाइलचे चार कोपरे आणि मधला भाग. भरीव असेल तर आवाज आखूड आणि बद्द येतो, पोकळ असेल तर घुमतो. पोकळ जागेवर चिकटपट्टी लावत जा, शेवटी लांब उभं राहून बघितलं की पॅटर्न आपोआप दिसतो, एखाद्या रेषेत आहेत का, खालीच आहेत का जिथे ओल चढते, का सगळीकडे विखुरल्यात.

प्रत्येक पोकळ टाइल काढायची गरज नसते. कोरडी भिंत, मधोमध हाताएवढी पोकळी, चारही कोपरे भरीव, ग्राउट शाबूत, तर राहू द्या, अधूनमधून वाजवून बघत रहा. कोपरे पोकळ आणि ग्राउटला चीर असेल तर काढा. बेडच्या डोक्यावर, दाराच्या वर, लहान मुलं खेळतात त्या बाजूला थोडी जरी शंका आली तरी काढाच, ६० बाय १२० ची एक पोर्सेलिन टाइल साधारण १५ किलोची असते. अर्ध्याहून जास्त भिंत घुमत असेल तर एकेक बदलत बसू नका, पूर्ण उतरवा. भोक पाडून आत इपॉक्सी किंवा रेझिन सोडण्याचा उपाय लोक विचारतात, एखाद-दुसऱ्या टाइलला जिथे पापुद्र्याचा प्रॉब्लेम नाही तिथे तो तात्पुरता चालतो, पण खाली पुट्टी सुटत असेल तर रेझिन सुटलेल्या पुट्टीलाच चिकटतं.

टाइल काढताना आधी चारही बाजूंचं ग्राउट कापून मोकळं करा, नाहीतर शेजारच्या टाइलचा टवका उडणार. अख्खी येत नसेल तर मधे फोडून मधून कडेकडे काढत या, कडेला पहार घालू नका. डोळ्याला गॉगल लावा, ग्लेझच्या, म्हणजे टाइलच्या वरच्या चकचकीत थराच्या, कपच्या काचेसारख्या उडतात. मग भिंतीवरचा जुना माल मुळापासून काढा, हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं हेच टाळलं जातं, पण जुन्या मालावर नवा माल चढवला तर टाइल बाकीच्यांपेक्षा वर येते, मग ती बसवायला माल कमी लावतात आणि परत पहिल्यापासून तेच.

सुटत नाहीये पण दिसतंय खराब

टाइल घट्ट आहे पण संध्याकाळी लाइट लावली की प्रत्येक जॉइंटला सावली पडते, ही पण खूप कॉमन तक्रार. छतातून भिंतीला घासत येणारी लाइट एक मिलिमीटरचा उंचसखलपणाही मोठा करून दाखवते. ३८ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या टाइलला भिंत ३ मीटर लांबीत ३ मिलिमीटरच्या आत सपाट हवी, आणि लांब टाइल्स विटांसारख्या अर्ध्या-अर्ध्यावर लावू नका, लांब टाइल भट्टीतून येतानाच मधे किंचित फुगीर असते आणि अर्ध्यावर लावलं की एकीचा फुगीर भाग दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशी येतो. एक तृतीयांशच सरकवा. भिंतीचं प्लास्टर झालं की जिथे फायनल लाइट येणार तिथेच बल्ब धरून बघा, जे खड्डे तेव्हा दिसतील ते तेव्हाच भरता येतात, टाइल लागल्यावर मग लाइट भिंतीपासून लांब सरकवणं एवढंच हातात उरतं.

ग्राउटचा रंग ठिकठिकाणी वेगळा दिसतोय तर ग्राउट कालवताना पाणी जास्त झालं किंवा पुसताना स्पंज जास्त ओला होता. पांढरे डाग वरचेवर येत असतील तर क्षार आहे, मागून ओल येतेय, पाइप किंवा बाहेरची भिंत तपासा, नुसतं पुसून तो परत येणारच. दोन बॉक्समधल्या टाइल्सचा शेड वेगळा निघाला तर लावल्यावर काहीही करता येत नाही, म्हणून लावायच्या आधीच बॉक्सवरचे बॅच नंबर जुळवा आणि तीन-चार बॉक्समधून एकेक घेत मिसळून लावा.

आणि सरळ मांडणीला १० टक्के, तिरक्या किंवा हेरिंगबोन (नागमोडी) मांडणीला १५ टक्के जास्त टाइल्स घ्या, उरलेल्या फेकू नका, बॉक्सवरच्या बॅचच्या लेबलचा फोटो काढा आणि टाइल्स उभ्या करून ठेवा. वर्षभराने एक टाइल बदलायची वेळ आली तर त्याच शेडची परत मिळेलच असं नसतं.